२८ ही संख्या एवढी खास का?

मूळ आणि संयुक्त, एवढ्यावर शाळेत विषय संपतो (आणि १ दोन्हींत बसत नाही, हे परीक्षेत हमखास विचारतात!). पण विभाजकांची बेरीज करून बघा, संख्यांचे स्वभावच दिसायला लागतात.

१० घ्या. स्वतः १० सोडून विभाजक १, २, ५. बेरीज ८, म्हणजे कमी पडली. १२ चे १, २, ३, ४, ६. बेरीज १६, म्हणजे ओसंडली. मूळ संख्येची बेरीज तर कायम १! आणि २८? १ + २ + ४ + ७ + १४ = २८. ना कमी, ना जास्त. हिला म्हणतात परिपूर्ण संख्या. पहिल्या चार: ६, २८, ४९६, ८१२८.

त्या शोधायची युक्लिडची रीत मला फार म्हणजे फार आवडते. १ पासून दुप्पट करत बेरीज घ्या. १ + २ + ४ = ७, मूळ संख्या. तिला शेवटच्या ४ ने गुणा, आले २८. पुढची बेरीज १५, मूळ नाही, सोडून द्या. त्यापुढची ३१, मूळ आहे; ३१ × १६ = ४९६. वही घेऊन ८१२८ पर्यंत जाच. वाटेत आणखी एक बेरीज गळेल.

सगळ्या सम परिपूर्ण संख्या याच रीतीने मिळतात, हे १८व्या शतकात ऑयलरने सिद्ध केलं. विषम परिपूर्ण संख्या मात्र आजवर एकही सापडलेली नाही, आणि ती असूच शकत नाही हेही कुणाला सिद्ध करता आलेलं नाही.