जुन्या हेडफोनचा वास आणि आपले कान

पोलीस भरतीच्या अभ्यासाला बसलेल्या एका मुलीचा कान आठवडाभर ठणकत होता. घरच्यांनी लसणाचं कोमट तेल घातलं. आम्ही दवाखान्यात नेलं तेव्हा कानात बुरशी निघाली. खामगावच्या बाजारातून तिने जुना हेडफोन आणला होता आणि कुबट वास येतो म्हणून त्याला अत्तर लावून वापरत होती.

अत्तराने वास दबतो, घाण तिथेच राहते. आधीच्या माणसाचा घाम, तेल, कानातला मळ गादीच्या स्पंजात मुरतो, त्यावर जंतू वाढतात. जुनं घेऊ नका असं आम्ही म्हणणार नाही, नव्याला पैसे कुठून आणायचे? पण वापरण्याआधी गादी काढा. स्पंज वास मारत असेल तर फेका, नवी जोडी लावा. रेक्झिन साबणाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसा. स्पिरिटने ते तडकतं. वायर मात्र स्पिरिटच्या बोळ्याने पुसा. पुसूनही चिकटच राहिली तर प्लास्टिकच विरघळू लागलंय, वायर बदला.

सावलीत वाळवा, आपल्याकडच्या उन्हात पत्र्यावर ठेवाल तर रेक्झिन कडक होईल. तरीही वास आला तर झाकणाच्या डब्यात हेडफोनशेजारी वाटीभर खाण्याचा सोडा दोन दिवस ठेवा.

कान ठणकत किंवा वाहत असेल तर तेल घालू नका, कान कोरडा ठेवून सरकारी दवाखान्यात दाखवा. तोवर हेडफोन बंद. तो भावंडांनाही देऊ नका.