खाक्या दाखवताच

बारामती-इंदापूर पट्ट्यात एका दैनिकाचा वार्ताहर म्हणून मी अकरा वर्षं काढली. ऊसदराची बातमी अडायची, पाणीवाटपाची कापली जायची; गुन्ह्याची मात्र हमखास लागायची. म्हणून संध्याकाळी पोलीस ठाण्यात चक्कर ठरलेली. प्रेसनोट हातात पडली की बातमी जवळजवळ लिहूनच मिळायची. आमचं काम वर मथळा चढवायचं.

परवा माळ्यावरची कात्रणांची फाईल काढली. त्यात माझंच एक कात्रण सापडलं : ‘पारधी टोळीच्या मुसक्या आवळल्या’. खाली मजकूर असा, की महामार्गावर लुटमार करणाऱ्या तीन सराईत दरोडेखोरांना सिनेस्टाईल पाठलाग करून जेरबंद करण्यात आले. पोलिसी खाक्या दाखवताच त्यांनी गुन्ह्याची कबुली दिली. आणखी गुन्हे उघडकीस येण्याची शक्यता आहे.

पाठलाग मी पाहिला नव्हता. त्या तिघांना पहाटे पालातून झोपेतून उठवून आणलं होतं, हे मला नंतर कळलं. ‘सराईत’ कशावरून? आधी एकदाही शिक्षा झालेली नव्हती. ‘टोळी’ कशावरून? दोघं सख्खे भाऊ आणि एक मेहुणा, एका चुलीवर जेवणारे. आपल्या घरी तिघं असतात तेव्हा त्याला कुटुंब म्हणतात.

पण सगळ्यात नामी शब्द ‘खाक्या’. मारलं, असं छापता येत नाही. मारलं हे वाचकाला कळलं तर पाहिजे, आणि वाचून बरंही वाटलं पाहिजे. ही तिन्ही कामं हा एकटा शब्द करतो. पोलिसासमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही, असं पुरावा कायद्याचं कलम 25 सांगत होतं. आता नव्या साक्ष्य अधिनियमात तेच कलम 23 मध्ये आहे. का, ते उघड आहे. म्हणजे कोर्ट ज्याकडे बघतही नाही, तोच ऐवज आम्ही चार कॉलमात पुरावा म्हणून मांडत होतो.

गंमत अशी, की हा पुरावा कायदा 1872 चा, आणि ‘गुन्हेगार जमाती’ कायदा त्याच्या एकच वर्ष आधीचा, 1871 चा. दोन्ही वेळी व्हाइसरॉयच्या मंडळात कायदा सदस्य होते जेम्स फिट्झजेम्स स्टीफन. एका हातानं त्यांनी पोलिसी कबुलीवर अविश्वास लिहिला, दुसऱ्या हातानं आख्ख्या जमातीच गुन्हेगार ठरवण्याची सोय केली. युक्तिवाद सोपा होता : या देशात विणकराचा पोर विणकर होतो, सुताराचा सुतार, तसा गुन्हेगाराचा गुन्हेगार. धंदा वंशानं उतरतो म्हटल्यावर चौकशी कशाची करायची? 1911 च्या सुधारित कायद्यानं हे जाळं मुंबई इलाख्यावरही पडलं. हजेरी, परवाना, सोलापूरच्या सेटलमेंटचं तारेचं कुंपण, सगळं आलं. त्याआधीच, 1908 मध्ये, मुंबई इलाख्याचे पोलीस अधिकारी मायकेल केनेडी यांनी इलाख्यातल्या ‘गुन्हेगार वर्गां’वर एक जाडजूड पुस्तक काढलं होतं. कोणती जमात कशी दिसते, काय बोलते, कशी चोरी करते, याची जातवार माहिती. आमच्या प्रेसनोटची ती पणजी.

कायदा 31 ऑगस्ट 1952 रोजी देशभर रद्द झाला. जमाती ‘विमुक्त’ झाल्या, पण त्याच्या जागी राज्याराज्यांत सराईत गुन्हेगारांचे कायदे आले. ‘सराईत’ हा शब्द माझ्या कात्रणात आला तो असा, वारसाहक्कानं.

फासेपारधी म्हणजे फासे लावून तितर, लावे, ससे धरणारा. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्याचा पिढीजात धंदाच गुन्हा ठरवला. बदल्यात जमीन दिली नाही. इकडे नीरेच्या कालव्यावर ऊस वाढला, उजनीच्या पाण्यावर द्राक्षं-डाळिंबं आली, आणि पारध्याची पालं गायरानाच्या कडेला राहिली. त्यातलीच काही माणसं बागांवर राखणीला असतात, यावर मात्र कुणी बातमी केल्याचं माझ्या पाहण्यात नाही. मीही केली नाही.

रात्री गाडी अडवून जिच्या गळ्यातलं मंगळसूत्र ओरबाडलं जातं, त्या बाईची भीती खरीच असते, आणि लुटणाऱ्यांत कधी पारधीही असतात. ते लपवा असं मी म्हणत नाही. पण आमच्याच भागात पतसंस्था बुडते तेव्हा शब्द बघा : ‘अपहार’, ‘अनियमितता’, ‘माजी संचालकांवर गुन्हा’. ठेवीदारांच्या आयुष्याची पुंजी जाते, तरी संचालकांची ‘टोळी’ होत नाही आणि त्यांची जात मथळ्यात येत नाही. बदनामी होईल अशा संदर्भात जातीचा उल्लेख टाळावा, असं प्रेस कौन्सिलच्या आचारसंहितेत आहे. तालुक्याच्या कचेऱ्यांत ती मी कधी पाहिली नाही.

हे फक्त आपल्याकडंच आहे असंही नाही. 1989 मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात धावायला गेलेल्या एका तरुणीवर अत्याचार झाला आणि पाच काळी-लॅटिनो पोरं पकडली गेली. तिथल्या वर्तमानपत्रांनी त्यांना लांडग्यांचा कळप म्हटलं. त्यांच्याही ‘कबुल्या’ होत्या. 2002 मध्ये खरा गुन्हेगार पुढं आला, पोरांच्या शिक्षा रद्द झाल्या. तोवर ती पोरं राहिली नव्हती, बाप्ये झाली होती.

आपल्या नाशिक जिल्ह्यातलं 2003 चं प्रकरण त्याहून भयंकर. दरोडा, खून, बलात्कार. भटक्या जमातींमधले सहा जण पकडले गेले. 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सहाही जणांना फाशी ठरवली आणि 5 मार्च 2019 रोजी त्याच न्यायालयानं सहाही जणांना निर्दोष सोडून प्रत्येकी पाच लाख रुपये द्यायला सांगितलं. मधली सोळा वर्षं कोणत्या कॉलमात घालायची?

आणि बारामती. जून 1998 मध्ये पिन्या हरी काळे हा पारधी इथं पोलीस कोठडीत मेला. त्याच वर्षी फेब्रुवारीत पश्चिम बंगालात बुधन शबर असाच कोठडीत मेला होता. महाश्वेतादेवी, गणेश देवी आणि ‘उचल्या’कार लक्ष्मण गायकवाड यांनी विमुक्तांच्या हक्कांसाठी मंच उभा केला तो त्याच वर्षी. अहमदाबादच्या छारानगरातल्या पोरांनी बुधनवर नाटक केलं, पुढं पिन्याच्या मरणावरही केलं. छारासुद्धा त्याच 1871 च्या शिक्क्याचे. बारामतीच्या माणसाचं मरण रंगमंचावर आणायला गुजरातेतली पोरं लागली.

माझ्या कात्रणातले तिघं साडेचार वर्षांनी सुटले. ओळख परेड झालीच नव्हती, मुद्देमाल त्यांच्याकडचा असल्याचं सिद्ध झालं नाही. थोरला भाऊ मला शोधत आठवडी बाजारात आला. प्लॅस्टिकच्या पिशवीत रेशनकार्ड, पोराचा शाळेचा दाखला आणि निकालाची प्रत. म्हणाला, “दादा, तवा तुमीच छापलं व्हतं न्हवं? आता ह्ये बी छापा.”

मी बातमी पाठवली. तिघांची नावं, न्यायालयाची कारणं, सोळा ओळी. बातमी लागली, आतल्या पानावर, चार ओळींची. डेस्कनं नावं काढली होती, कारणंही काढली होती. मथळा होता : ‘तीन पारध्यांची सुटका’.