पावाची भट्टी आणि शेजाऱ्याचा श्वास

मुंबईला पाव पुरवणाऱ्या कित्येक बेकऱ्या आपल्या बांधवांच्या आहेत. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावरील बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅससारख्या स्वच्छ इंधनाकडे वळण्याचा आदेश दिला.

जुन्या फर्निचरचे लाकूड स्वस्त पडते; पण त्यावरचा रंग आणि पॉलिश जळून विषारी धूर निघतो. त्यातले २.५ मायक्रॉनहून लहान कण फुप्फुसात खोलवर जातात. हा धूर आधी भट्टीपुढचा कारागीर पितो, मग आजूबाजूची लेकरे.

मालकांची अडचणही खरी आहे. भट्टी बदलायला पैसा लागतो, गिऱ्हाइकाला मात्र पाव स्वस्तच हवा असतो. तरी शहरातल्या टॅक्सी-रिक्षा सीएनजीवर आल्याच. धंदा बुडाला नाही.

रस्त्यातली त्रासदायक वस्तू दूर करणे हा ईमानचाच एक भाग आहे, अशी प्रेषितांची (स.) शिकवण आहे. मग शेजाऱ्याच्या श्वासातला धूर दूर करणे त्याहून वेगळे कसे? मोहल्ल्यातील बैतुलमाल आणि बिनव्याजी पतसंस्थांनी छोट्या बेकरीवाल्यांना कर्ज-ए-हसना द्यावे. आणि पाव थोडा महागला, तर आपण कुरकुर करू नये.