चुलीला पाइप बसवताय? आधी हे वाचा



थंडी वाढली तशी चूल आणि बंब पुन्हा पेटायला लागले. घरात गॅस आहे, पण पऱ्हाट्या शेतातल्याच आणि सिलिंडर विकतचा. त्यामुळे आंघोळीचं पाणी, भाकरी, जनावरांचं आंबोण चुलीवरच होतं. मागच्या महिन्यात तीन-चार सभासदांनी एकच प्रश्न विचारला : पाइप बसवला, तरी धूर घरातच का येतो? त्यातल्या एकांच्या घरी आपले कर्मचारी बघायला गेले. धुराचं कारण पाच मिनिटांत सापडलं. पण पाइप ज्या लाकडी वाशाला चिकटून गेला होता, तो वासा कोळशासारखा काळा पडला होता. घरच्यांना वाटलं धुराने काळा झालाय. नखाने खरवडलं तर भुगा पडला. महिनोन्महिने शेकलेलं लाकूड असंच आतून जळत जातं, आणि मग ते कमी आचेवरही पेट घेतं. ही दिवाळी त्यांची थोडक्यात बचावली म्हणायची.

*पाइप धूर ओढतो कसा?*
गरम हवा हलकी, ती वर चढते आणि मागून चुलीच्या तोंडातून नवी हवा खेचते. एवढंच आहे. पाइप जितका उंच, सरळ आणि गरम, तितकी ओढ जास्त. आडवा पाइप आणि काटकोनी एल्बो ही ओढ मारतात. वळण घ्यावंच लागलं तर 90 अंशाचा एक एल्बो लावण्यापेक्षा 45 चे दोन लावा. आडवा भाग दोन-तीन फुटांच्या पुढे नेऊ नका, आणि तोही बाहेरच्या बाजूला चढता ठेवा.

त्या घरी पाइप पत्र्याच्या वर जेमतेम दीड फूट होता, म्हणजे आढ्याच्या खालीच. वारा आढ्यावरून उडी मारून पलीकडे खाली दाबतो, तो धूर परत पाइपात ढकलत होता. नियम असा धरा : पाइप छपरातून जिथे बाहेर येतो तिथून किमान 3 फूट वर, आणि 10 फुटांच्या आत आढं, भिंत, टाकी जे काही असेल त्यापेक्षा 2 फूट उंच. छपरावर 5 फुटांपेक्षा जास्त उभा राहिला तर तारेने ताण द्या, वळवाच्या वाऱ्यात टिकणार नाही.

*कोणता पाइप?*
चुलीला धूर जायला जेवढं भोक आहे त्यापेक्षा पाइप कधीच बारीक नको. घरगुती दोन तोंडांच्या (औलाच्या) चुलीला 4 इंची चालतो. चुलीजवळचे पहिले तीन फूट विटांचे किंवा काळ्या लोखंडाचे करा. जस्ताचा पाइप फार तापला की त्याचा धूर अंगाला वाईट, तो वरच्या भागात वापरा. पीव्हीसी कुठेच नको, अगदी "वरच्या टोकाला फक्त" सुद्धा नको. 1980 च्या दशकात राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रमात बऱ्याच ठिकाणी सिमेंटचे पाइप बसवले गेले. त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असतं. असा जुना पाइप करवतीने कापू नका, घासू नका. ती धूळ फुप्फुसात बसते.

जोड देताना वरच्या पाइपाचं तोंड खालच्या पाइपाच्या आत घाला. ओल्या लाकडाचं डांबरासारखं काळं पाणी मग आतूनच खाली येतं, भिंतीवर ओघळत नाही. छपराच्या वर मात्र जोड ठेवू नका, तिथे अखंड तुकडा लावा.

*आगीपासून अंतर*
साध्या एकपदरी पाइपापासून लाकूड, प्लायवूड, फायबरचा पत्रा, वायर, टांगलेले कपडे 18 इंच लांब पाहिजेत. वासा मध्ये येत असेल तर पाइपाची जागा बदला, मध्ये गोणपाट घालून भागवू नका. पत्र्याचं भोक पाइपापेक्षा मोठं पाडा, वर लोखंडी कॉलर बसवा. गवताचं, पाचटाचं किंवा सरमाडाचं छप्पर असेल तर पाइप त्यातून काढूच नका. अशा घरी चूल वेगळ्या पत्र्याच्या आडोशाला नेलेली बरी. ठिणगी पाइपातून उडतेच.

टोपी जरूर बसवा, पण पाइपाचं तोंड आणि टोपी यात निदान पाइपाच्या रुंदीएवढी मोकळी जागा ठेवा. बारीक जाळी लावू नका, पंधरा दिवसांत काजळीने बुजते. पावसाळाभर चूल बंद होती, तर पेटवण्याआधी साळुंकीचं घरटं आहे का बघा.

*तपासणी उदबत्तीने*
पाइपाच्या तळाला कागद पेटवून तो गरम करा, मग चुलीच्या तोंडाशी उदबत्ती धरा. धूर आत ओढला गेला तर काम झालं. बाहेर आला तर आधी खिडकी उघडून बघा. हवा आत यायला वाट नसेल तर ती बाहेर कशी जाणार? आणि स्वयंपाकघरात एक्झॉस्ट फॅन असेल तर तो बंद करून बघा. फॅन आणि धुराडं एकाच हवेसाठी भांडतात, आणि फॅन जिंकतो.

*जो दिसत नाही तो धूर*
धुराने डोळे चुरचुरतात, माणूस बाहेर तरी पळतो. निखारे मात्र बिनधुराचे धगधगतात आणि कार्बन मोनॉक्साइड सोडतात. त्याला वास नाही, रंग नाही. बंद बाथरूममध्ये पेटता बंब, झोपायच्या खोलीत निखाऱ्यांची शेगडी, पिल्लांच्या शेडमध्ये पडदे लावून कोळसा आणि शेजारी राखणदार झोपलेला, हे तिन्ही प्रकार जीव घेतात. बंब बाहेर पेटवा. घरातल्या दोघा-तिघांचं एकाच वेळी डोकं दुखायला लागलं, मळमळ, चक्कर, गुंगी आली, तर "थंडी बाधली" म्हणून झोपवू नका. सगळ्यांना मोकळ्या हवेत आणा आणि 108 ला फोन करा.

*काजळी*
पाइपाच्या तळाशी झाकणाचं भोक ठेवा आणि महिन्यातून एकदा बांबूला गोणपाट गुंडाळून वरून खाली फिरवा. एक सूत जाडीची काजळी बसली की साफ करायलाच हवी, कारण ती स्वतःच पेटते. पाइप घोंघावायला लागला, लालसर दिसला, तर चुलीचं तोंड आणि हवेच्या वाटा बंद करा, माणसं बाहेर काढा, 101 लावा. तापलेल्या पाइपात पाणी ओतू नका, वाफेने तो फुटतो. पऱ्हाट्या उन्हात कडकडीत वाळवून जाळल्या तर काजळी निम्म्याहून कमी त्रास देते, हे आपल्या बायामाणसांना आपल्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

ज्यांना पाइप, कॉलर, टोपी एकत्र मागवायची आहे त्यांनी गटप्रमुखांकडे शनिवारपर्यंत नाव द्यावे. सोबत तीन फोटो पाठवा : एक चुलीचा, एक छपराचा आतून, एक बाहेरून आढ्यासकट. चुलीपासून आढ्यापर्यंतची उंची फुटात लिहा. ज्यांचा पाइप आधीच बसलाय त्यांनी आज संध्याकाळी चूल विझल्यावर बॅटरी घेऊन वासा तेवढा बघून घ्यावा.