सुरकुत्यांनो, चले जाव!

कॉटनचा शर्ट म्हणजे उन्हाळ्यातला जिवलग. घाम टिपतो, अंगाला गारवा देतो. पण दोरीवरून काढला की बघवत नाही, अगदी चुरगाळलेला कागद! चला तर मग, इस्त्रीच्या दुनियेत मारू या एक गरमागरम चक्कर.

सुरकुतीमागे चक्क केमिस्ट्री आहे, माहीत आहे का? कापूस म्हणजे जवळजवळ निव्वळ सेल्युलोज. त्याच्या लांबलचक रेणूसाखळ्या हायड्रोजन बंधांनी एकमेकींना धरून असतात. धुताना पाणी आत शिरतं, बंध सुटतात आणि कापड जसं पडलं असेल तसंच वाळताना पुन्हा जुळतात. पिळून तसाच टाकलात? पीळ पक्का! म्हणून शर्ट वाळत घालण्याआधी दोनदा सणसणीत झटका आणि कॉलर, बटणपट्टी हाताने ताणून घ्या. निम्मी इस्त्री तिथेच होते.

मग या खेळातला हीरो कोण? पाणी! ते बंध सोडवतं, इस्त्रीचा भार कापड सपाट धरतो आणि उष्णता पाणी उडवून लावते. नवे बंध जुळतात ते सपाट कापडावर. खडखडीत वाळलेल्या शर्टावर घासाघीस करून हात दुखतो, सुरकुती हलत नाही. शर्ट किंचित दमट असतानाच घ्या. वाळला असेल, तर पाणी शिंपडा, गुंडाळी करा, दहा-पंधरा मिनिटं मुरू द्या. मग बघा कमाल!

आणि हो, दमट कापड फाटेल ही भीती नको; भिजल्यावर कापसाचा धागा आणखी मजबूत होतो. रेयॉन मात्र ओलं झालं की ढेपाळतं.

लेबलवरच्या इस्त्रीच्या चित्रातले ठिपके कधी मोजलेत? एक ठिपका 110 अंश सेल्सिअसपर्यंत, दोन म्हणजे 150, तीन म्हणजे 200. प्युअर कॉटनला सहसा तीन. पॉलिएस्टर मिक्स असेल, तर दोनवरच थांबा.

आता शर्टाचा रूट मॅप. सुरुवात कॉलरपासून, तीही उलट्या बाजूने आणि टोकांकडून मध्याकडे. मध्यातून टोकाकडे इस्त्री ढकललीत, तर जादा कापड टोकाशी गोळा होतं आणि नेमकी दर्शनी जागी चुणी बसते. मग कफ, बाह्या, खांदा, पाठ. समोरचा भाग शेवटी, कारण सगळ्यांची नजर तिथेच! बटणपट्टीची युक्ती तर झकास आहे. पट्टी टर्किश टॉवेलवर उपडी ठेवा. बटणं टॉवेलात रुततात, कापड सपाट पसरतं. बटण वितळायची भीतीच संपली.

बाहीसाठी खास अरुंद, बाकदार इस्त्री-बोर्ड कुणी केला, माहीत आहे का? अमेरिकेतल्या न्यू हेवनच्या सारा बून यांनी! गुलामगिरीत जन्मलेल्या या बाईंनी 1892 मध्ये पेटंट मिळवलं.

विजेच्या इस्त्रीचा किस्सा आणखी भन्नाट. न्यूयॉर्कच्या हेन्री सीली यांना पेटंट मिळालं जून 1882 मध्ये. आणि एडिसनचं तिथलं पर्ल स्ट्रीट वीजकेंद्र सुरू झालं सप्टेंबरमध्ये. म्हणजे इस्त्री आधी, करंट नंतर!

आपल्याकडे इस्त्री नसली तरी अडत नसे. पितळी तांब्यात निखारे घालून तोच शर्टावर फिरवायचा आणि पँट रात्रभर गादीखाली. प्राचीन चीनमध्येही निखारे भरलेलं ब्राँझचं पातेलं रेशमावर फिरवत. जुगाड ग्लोबल आहे!

धुवा आणि बिनइस्त्रीचा घाला, अशा 'वॉश अँड वेअर' शर्टासाठी थँक्यू म्हणायचं ते रूथ बेनेरिटो यांना. न्यू ऑर्लिन्सच्या सरकारी प्रयोगशाळेत त्यांनी कापसाच्या साखळ्या रसायनांनी पक्क्या सांधण्याचं तंत्र फुलवलं. नावावर तब्बल 55 पेटंट्स! या बाईंचं नाव शाळेच्या पुस्तकात हवं, असं मला मनापासून वाटतं.

इस्त्री हा थरारक खेळही आहे, माहीत आहे का? 'एक्स्ट्रीम आयर्निंग'! 1997 मध्ये इंग्लंडच्या लेस्टरमध्ये फिल शॉ यांनी सुरू केला. कडे, डोंगर, पाण्याखाली, जिथे जाल तिथे बोर्ड मांडा. 2002 मध्ये जर्मनीत वर्ल्ड चॅम्पियनशिपही झाली.

अंतराळ स्थानकात मात्र इस्त्री सोडाच, कपडे धुण्याचीच सोय नाही. मळलेले कपडे मालवाहू यानातून परतीला लागतात आणि वातावरणात जळून जातात.

आता परत जमिनीवर. तमिळनाडूच्या तिरुवन्नामलैची शाळकरी विनिशा उमाशंकर हिने कोळशाऐवजी उन्हावर चालणारी इस्त्रीगाडी डिझाइन केली आणि 2021 मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत दणक्यात भाषण केलं. तर 2024 मध्ये आयआयटी बॉम्बेचे प्रा. चेतन सोलंकी यांच्या वीजबचतीच्या मोहिमेला साथ देत सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेचे कर्मचारी सोमवारी बिनइस्त्रीचे कपडे घालून कामावर आले. वीज वाचली, मंडे हिट!

उरलेले दिवस कडक राहायचंय? मग इस्त्री झाली रे झाली की शर्ट अंगात चढवू नका. गरम, दमट कापड नवी सुरकुती झटकन धरतं. वरचं बटण लावून हँगरला पाच मिनिटं लटकवा, पूर्ण गार होऊ द्या आणि मगच घाला.