दोन पॅसिफिका, फरक आतला

यामाहाच्या पॅसिफिका ०१२ आणि ११२व्ही या इलेक्ट्रिक गिटारी फोटोत जुळ्या वाटतात. दोन्हींचा बांधा स्ट्रॅटोकास्टरसारखा, दोन्हींत ब्रिजजवळ हंबकर आणि पुढे दोन सिंगल कॉइल पिकअप. पण ११२व्हीचं अंग ऑल्डर लाकडाचं, आणि तिची टोनची नॉब वर ओढली की हंबकरचं एकच कॉइल चालतं; आवाज पातळ, टणटणीत होतो. ०१२मध्ये ही सोय नाही.

गोंदियाकडे धान निघालं की झाडीपट्टीच्या नाटकांचे मंडप पडतात. जनरेटर आणि दिव्यांच्या अशा गर्दीत सिंगल कॉइल विजेची घूं-घूं पकडतं. हंबकरची दोन कॉइलं ती एकमेकांत मारतात. गिब्सनच्या सेथ लव्हर यांनी १९५५च्या सुमारास हंबकर त्यासाठीच घडवला. मंडपात वाजवायचं तर हंबकरवरच राहा, आणि तो दोन्हींत आहेच!

मॉडेलपेक्षा हातातला नग तपासा. इथला उन्हाळा कोरडा, पावसाळा दमट, त्याने गिटारची मान वाकते. सगळ्यात जाड तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर दाबून सातव्या फ्रेटपाशी बघा: जाड कागद जाईल एवढी फट हवी. जास्त असेल तर मानेतला ट्रस रॉड जाणकाराकडून पिळून घ्या. घरच्या सरावाला माझ्या मते ०१२ पुरे. उरलेले पैसे बऱ्या अँपला लावा.