रुपेरी पडद्यावरील अरण्ये
लेखांक ४ : ‘ट्रेडर हॉर्न’ची आफ्रिकास्वारी

गेल्या आठवड्यात आपण सयामच्या रानात चित्रित झालेल्या ‘चँग’ची हकीकत पाहिली. कूपर आणि शोएडसॅक या जोडीने १९२७ साली तो मूकपट पुरा केला तेव्हा त्यांच्याजवळ ना नामांकित नटनट्यांचा ताफा होता, ना ध्वनियंत्रांचे ओझे. हत्ती, वाघ आणि त्या रानातच नांदणारी माणसे एवढ्या भांडवलावर त्यांनी आपला कार्यभाग उरकला. आजचा विषय असलेला ‘ट्रेडर हॉर्न’ नेमका उलट्या प्रकृतीचा आहे. येथे मेट्रो-गोल्डविन-मेयर ही हॉलिवूडमधील बडी चित्रसंस्था नटनट्या, यंत्रे, तंबू आणि औषधांच्या पेट्या असा सारा लवाजमा बोटीवर चढवून आफ्रिकेत गेली, तेथे सुमारे सात महिने मुक्काम ठोकून राहिली, आणि परत आल्यावर जे शहाणपण तिच्या पदरी पडले त्याच्या जोरावर पुढचा अरण्यपट काढताना तिने एकाही नटाला समुद्र ओलांडू दिला नाही.

मूळ कथा तशी मौजेची आहे. जोहान्सबर्ग येथे एथेलरेडा ल्युइस या लेखिकेच्या दारी एक वृद्ध फेरीवाला भाजण्याच्या लोखंडी जाळ्या विकावयास आला. त्याचे खरे नाव आल्फ्रेड अलॉयशियस स्मिथ. परंतु हॉर्न या नावानेच तो पुढे जगविख्यात झाला. तरुणपणी पश्चिम आफ्रिकेतील ओगोवे नदीच्या काठी त्याने हस्तिदंताचा आणि रबराचा व्यापार केला होता, आणि त्या दिवसांच्या आठवणी तो अशा काही खुमारीने सांगे की बाईंनी त्याला पुन्हा पुन्हा बोलावून त्या लिहून काढल्या. १९२७ साली ते पुस्तक निघाले, त्याला जॉन गॉल्सवर्दी यांची प्रस्तावना लाभली, आणि ते हातोहात खपले. त्यातील खरे किती आणि म्हाताऱ्याने पदरचे घातलेले किती, हा वाद तेव्हाही होता. चित्रसंस्थेला मात्र त्याचे सोयरसुतक असण्याचे कारणच नव्हते. जंगली लोकांनी देवता म्हणून पूजिलेली एक गोरी तरुणी त्या पुस्तकात होती, आणि निर्मितिप्रमुख आयर्विंग थालबर्ग यांना तेवढे पुरेसे होते.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. हॉर्नची नदी आफ्रिकेच्या पश्चिम अंगाला, आणि चित्रण झाले ते पूर्वेकडील केनिया, युगांडा आणि टांगानिका या मुलखांत, तसेच बेल्जियन काँगोत. म्हणजे खंडाची एक कड सोडून दुसऱ्या कडेवर! पण यात निव्वळ बेपर्वाई होती असे म्हणणे अन्यायाचे होईल. विषुववृत्तीय निबिड अरण्यात भर दुपारीसुद्धा जो अंधुक प्रकाश असतो त्यात त्या काळच्या मंदगती फिल्मवर काळोखापलीकडे फारसे काही उमटले नसते. उलट पूर्वेकडील उघड्या गवताळ माळांवर ऊन मुबलक, जनावरांचे कळप शेकड्यांनी, आणि कॅमेऱ्याची नजर कोसभर पोहोचणारी. शिवाय इंग्रजी अंमल, शिकारीचे परवाने देणारे सरकारी खाते, मोहिमांची व्यवस्था पाहणारे पेशेवाईक गोरे शिकारी, आणि मोंबासा बंदरापासून आत जाणारी आगगाडी ही सोय होतीच. (तो लोहमार्ग बांधण्यासाठी तीस हजारांवर मजूर आपल्या हिंदुस्थानातून नेण्यात आले होते, आणि पहिले महायुद्ध संपेपर्यंत तिकडे चलनही रुपयाचेच होते, हे जाता जाता सांगितले पाहिजे.) प्रेक्षकाच्या मनातले ‘आफ्रिकेचे घोर अरण्य’ वास्तविक बव्हंशी माळरान आहे, याचे मूळ अशा सोयीत सापडते.

दिग्दर्शनासाठी डब्ल्यू. एस. व्हॅन डाइक यांची नेमणूक झाली. ग्रिफिथ यांच्या ‘इन्टॉलरन्स’च्या वेळी साहाय्यक म्हणून उमेदवारी केलेला हा गृहस्थ दृश्य एकदाच घेऊन पुढे सरकण्याबद्दल प्रसिद्ध होता. त्यांनी ताहिती बेटावर केलेल्या ‘व्हाइट शॅडोज इन द साउथ सीज’चे छायालेखक क्लाइड डी व्हिन्ना यांना त्या कामाबद्दल अकादमीचे पारितोषिक मिळाले होते, आणि तेच या स्वारीवरही होते. हॉर्नच्या भूमिकेसाठी मूकपटांतील जुना घोडेस्वार नायक हॅरी केरी, त्याच्या तरुण सोबत्यासाठी डंकन रेनाल्डो आणि गोऱ्या देवतेसाठी एडविना बूथ ही जवळजवळ अपरिचित मुलगी अशी निवड झाली.

स्वारी १९२९ साली निघाली तीच मुळी अशुभ मुहूर्तावर. कारण चित्रपट मूक काढावयाचा असे ठरले असतानाच इकडे अमेरिकेत बोलपटांनी मूकपटांचा बाजार उठवला, आणि ध्वनिमुद्रणाची यंत्रसामग्री मागाहून आफ्रिकेत रवाना करावी लागली. ही यंत्रे म्हणजे काय प्रकरण होते याची कल्पना आज येणे कठीण. कॅमेऱ्याची घरघर ध्वनिग्राहकात शिरू नये म्हणून कॅमेऱ्याला जाड आवरणांत गुंडाळावे लागे. ध्वनीची फिल्म निराळ्या यंत्रात फिरे, आणि दोन्ही यंत्रांची गती काटेकोर जुळविण्यासाठी विजेचा अखंड आणि समतोल पुरवठा लागे. तो रानात कोठून येणार? म्हणून वीजयंत्राच्या आणि ध्वनियंत्राच्या अवजड मोटारगाड्या, जेथे बैलगाडीचीही वाट नाही अशा मुलखातून, माणसांच्या खांद्याच्या जोरावर ढकलीत न्याव्या लागल्या. एवढे करून नाईलच्या काठचा वारा, किडे आणि धबधब्याचा गदारोळ यांतून नटांचे बोल जे काही उमटले, त्यांतील पुष्कळसे निरुपयोगी ठरले, आणि संवादांची दृश्ये संस्थेच्या कल्व्हर सिटी येथील स्टुडिओत पुन्हा घ्यावी लागली.

याचा ठसा चित्रपटाच्या घडणीवरच उमटला आहे. मूक चित्रण झालेल्या जनावरांची फिल्म रगड होती, आणि कथा मात्र तुटपुंजी. तेव्हा मध्येच हॉर्न आपल्या सोबत्याला एका जागी उभा करतो आणि हा जिराफ, हे अमुक हरिण, असे एकेक जनावर नावानिशी दाखवीत सुटतो. आपण सिनेमा पाहत आहो की प्राणिशास्त्राचा तास ऐकत आहो असा संभ्रम पडावा! तथापि मर्चिसन धबधब्याच्या माथ्यावरची दृश्ये आजही थक्क करतात, हे मान्य केले पाहिजे. तेथे नेपथ्य नाही, युक्ती नाही; पाणी खरे आहे.

माणसांची किंमत मात्र भारी पडली. एका स्थानिक नोकराला मगरीने नेले, दुसऱ्यावर गेंडा चालून आला आणि तो मारला गेला, असे वृत्तांत आहेत; हे दुसरे चित्रण तर चित्रपटात ठेवले, असेही नमूद आहे. दिग्दर्शकासह अनेकांना हिवतापाने गाठले. सर्वांत हाल झाले ते एडविना बूथचे. देवतेचा वेष म्हणून अंगावर जवळजवळ काहीच नाही, आणि विषुववृत्तावरचे ऊन, काटेरी गवत व डास यांत महिनोन्‌महिने वावर. परत आल्यावर तिची प्रकृती ढासळली ती कित्येक वर्षे सावरली नाही. तिने संस्थेवर नुकसानभरपाईची फिर्याद लावली, प्रकरण न्यायालयाबाहेर तडजोडीने मिटले, आणि ती चित्रसृष्टीतून कायमची निघून गेली. ती वारल्याच्या वार्ता वर्तमानपत्रे अधूनमधून देतच राहिली. प्रत्यक्षात ती १९९१ पर्यंत जगली. रेनाल्डोचीही शोकांतिका थोडक्यात टळली: जन्मस्थळाबद्दल खोटी माहिती देऊन पासपोर्ट काढल्याच्या आरोपावरून त्याला कैद भोगावी लागली, आणि राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या माफीने तो सुटला.

या सर्वांत माझ्या मते खरा नट एकच, आणि तो म्हणजे हॉर्नचा बंदूकवाहक रेंचारो झालेला आफ्रिकन, मुटिया ओमूलू. पूर्वी कधी कॅमेऱ्यासमोर उभा न राहिलेल्या या माणसाच्या चालण्यात, नुसते उभे राहण्यात जो तोल आहे त्यापुढे गोऱ्या देवतेचे चाबूक उगारून ओरडणे केविलवाणे वाटते. धन्याला वाचविताना भाला लागून तो मरतो, तेव्हा चित्रपटातील एकमेव अकृत्रिम दुःख प्रेक्षकाला होते. उरलेली दृश्ये पुरी करण्यासाठी त्याला हॉलिवूडला नेण्यात आले. संस्थेला त्याच्यावाचून अडत होते, आणि तरीही कथेत त्याच्या वाट्याला आली ती निष्ठावंत चाकराचीच जागा.

एवढ्यावरही थालबर्ग यांचे समाधान झाले नाही. सिंहांच्या झुंजींची काही दृश्ये मेक्सिकोत टेकाटे येथे घेतली गेली. अमेरिकेतील प्राणिरक्षणाचे कायदे चुकविण्याचा हा उपाय होता आणि त्यासाठी सिंहांना उपाशी ठेवले गेले, असा आरोप झाला. सुमारे १३ लाख डॉलर खर्चून १९३१ च्या प्रारंभी चित्रपट झळकला, प्रेक्षकांनी तो डोक्यावर घेतला, आणि त्या वर्षीच्या उत्कृष्ट चित्रपटाच्या अकादमी पारितोषिकासाठी त्याची शिफारसही झाली. मानकरी ठरला तो ‘सिमरॉन’. ज्याच्या गप्पांतून हे सारे उभे राहिले तो वृद्ध हॉर्न त्याच वर्षी इंग्लंडात निवर्तला.

पण ‘ट्रेडर हॉर्न’ची खरी कमाई तिकिटांत नव्हे, वखारीत होती. कार्यात उरलेल्या बुंदीचे पुढे आठवडाभर लाडू वळावेत तसा त्या उरलेल्या फिल्मचा उपयोग संस्थेने केला. १९३२ साली त्याच व्हॅन डाइक यांनी पोहण्यातील ऑलिंपिकवीर जॉनी वाइसमुलरला घेऊन ‘टारझन द एप मॅन’ काढला, तो कॅलिफोर्नियातील तळ्यांच्या काठी. नटांच्या पाठीमागे अर्धपारदर्शक पडदा ताणून त्यावर मागील बाजूने आफ्रिकेतील जुनी फिल्म सोडायची आणि पुढे नटांनी बोलायचे, ही युक्ती. मॉरीन ओसलिव्हन टोळीवाल्यांच्या मेळ्याकडे कुतूहलाने पाहते त्या दृश्यात ती माणसे तिच्यापासून हजारो मैलांवर, दोन-तीन वर्षांमागे चित्रित झालेली आहेत. ज्यांच्या मुलखात जाऊन एवढा उपद्व्याप केला ते आता भिंतीवरच्या कागदासारखे पार्श्वभूमीला चिकटले! माझ्या दृष्टीने या प्रकरणातील सर्वांत मोठा अन्याय हाच आहे. पैशाच्या हिशेबाने मात्र थालबर्ग यांचे बरोबर होते: टारझन चालला, आणि त्याच्या मागोमाग टारझनपटांची रांगच लागली. ती लाट मुंबईतही पोहोचली. वाडिया बंधूंनी १९३७ साली जॉन कावसला घेऊन ‘तूफानी टारझन’ काढला, आणि होमी वाडिया यांचे ते दिग्दर्शन गर्दी खेचून गेले.

वाचकांना १९३२ चा टारझन पाहण्याचा योग आला तर हत्तींच्या कानांकडे अवश्य लक्ष द्यावे. ते हत्ती आपल्याकडील जातीचे आहेत. आफ्रिकन भासावेत म्हणून त्यांना कृत्रिम मोठे कान बसविले आहेत. खऱ्या जनावराचीही ज्यात गरज उरली नाही त्या ‘किंग काँग’चा विचार पुढील लेखांकात करू.